सव्वातीन आटे

जुनी सायकल नवी करून दाखवणाऱ्यांच्या फोटोत तीन गोष्टी हमखास असतात: काळाभोर रंग, त्यावरची सोनेरी रेघ आणि चामड्याची सीट. फ्रेमच्या पोटातला फोटो कुणी टाकत नाही. तिथे, दोन क्रँकच्या मधोमध, चार बोटे लांबीची एक आडवी नळी असते. मिस्त्री तिला ‘बीबी’ म्हणतात. तिच्या दोन्ही तोंडांना आतून आटे, आट्यांत एकेक पोलादी कटोरी, कटोरीत छर्रे आणि छर्र्यांवर धुरी. एवढाच संसार, पण सायकल चालते ती तिथे आणि अडते तीही तिथेच. रंगाचा खर्च आधी विचारता येतो, सीट घरबसल्या मागवता येते. आटे गेलेले निघाले, तर काम कुठल्या महिन्यात, कुठल्या गावात आणि कुणाच्या दारात संपेल हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही.

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत हा प्रश्न जरा जास्तच झोंबतो, कारण इथे मोठे सगळे मिळते आणि बारीक काही मिळत नाही. चंद्रपूरच्या उशाला दुर्गापूरचे २९२० मेगावॅटचे वीज केंद्र आहे. जमिनीखाली कोळसा आहे. बल्लारपूरला कागदाची गिरणी आहे, भद्रावतीला दारूगोळ्याची आयुध निर्माणी आहे, एटापल्लीच्या सूरजागडला लोहखनिजाचा अख्खा डोंगर आहे. २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी सागवान गेले तेही इथलेच. अशा या ऐश्वर्यवान मुलखात एखादा हौशी माणूस एका इंचात सव्वीस आटे पाडणारा टॅप विचारत बाजारभर फिरतो, आणि सगळीकडून त्याला एकच उत्तर मिळते: “नागपूरले पाहा लागते जी.”

लोखंडाच्या बाबतीत तर या भागाची हळहळ फार जुनी आहे. १८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. चांदा जिल्ह्यात लोहाऱ्याला उत्तम लोहखनिज आहे आणि जवळ वरोऱ्याला कोळसा आहे, असे त्यात होते. टाटांनी मनावर घेतले, चाचण्या करवल्या. वरोऱ्याचा कोळसा त्या कामाला उतरला नाही आणि सरकारी अटीही जाचक निघाल्या. पोलादाचा कारखाना पुढे साकचीला गेला आणि साकचीचे जमशेदपूर झाले. तो कोळसा जरा बरा निघता तर आज वरोऱ्याच्या नाक्यावर टॅप आणि डाय भाजीसारखे मांडून विकायला बसले असते, असे हौशी माणसाला मनापासून वाटते. त्याचा इतिहासाचा अभ्यास गरजेपुरताच असतो.

या भागात दुरुस्तीला येणाऱ्या सायकलींची वंशावळ साधारण ठरलेली आहे. मद्रासच्या टीआय कारखान्याची हर्क्युलस, सोनीपतची अ‍ॅटलस, लुधियानाची हीरो, आसनसोलची सेन-रॅले, आणि एखाद्या भाग्यवंताकडे थेट नॉटिंगहॅमहून आलेली रॅले. मालक बहुतेक करून आजोबा: कुणी वनरक्षक होते, कुणी गुरुजी, कुणी टपाल वाटणारे. त्यांनी ती तिप्पट भाराने वापरलेली असते. धानाचे पोते, सरपणाची मोळी, बांबू, तेंदूपत्त्याचे पुडे आणि मागे धाकटा मुलगा. मग मोटारसायकल आली आणि सायकल गोठ्यात गेली. ती चाळीस वर्षे तिथे उभी राहिली आणि तिच्याभोवती घरातली सगळी आठवण गोळा झाली. आठवणीबरोबर गंजही आला.

गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त असते. म्हणजे कटोरी आणि नळी यांच्यामधल्या फटीत तो नुसता बसत नाही, दोघींना आतून पाचर मारतो. त्यात नदीचा वाटा वेगळा. पर्लकोटेला पूर आला की भामरागड आजही तुटते. अशा मुलखात सायकलीने कधी डोंग्यातून, कधी खांद्यावरून आणि कधी सरळ गुडघाभर पाण्यातून नदी ओलांडलेली असते. बीबी हा फ्रेमचा सर्वांत खालचा भाग असल्याने वैनगंगेपासून इंद्रावतीपर्यंतचा गाळ नमुन्यादाखल तिथे जमा असतो. सायकल चंद्रपूर शहरातली असेल तर गाळाऐवजी कोळशाची भुकटी आणि राख निघते. जुन्या ग्रीसमध्ये राख मिसळली की तयार होणाऱ्या लगद्याने छर्रे घासून अंड्याच्या आकाराचे होतात. हा लगदा बोटाने काढून हुंगणारे लोकही असतात. त्यांना त्यातून काय कळते ते ते सांगत नाहीत.

कामाला सुरुवात होते ती कॉटरपासून. जुन्या सायकलीत क्रँक धुरीवर बसतो तो एका तिरक्या पिनेने. पिन तीन सूत जाड, एका अंगाने उतरती तासलेली, आणि शेपटाला आटे व नट. नट काढायचा आणि शेपटावर हातोडी हाणायची, हे कुणालाही न शिकवता सुचते. पहिल्या घावाला शेपटाचे टोक पसरते. दुसऱ्याला पिन वाकते. तिसऱ्या घावानंतर तिच्यावर नट परत चढत नाही आणि ती स्वतः बाहेरही येत नाही. यानंतरचे घाव पिनेवर नसून प्रारब्धावर असतात.

जाणता मिस्त्री नट पूर्ण काढतच नाही. तो नट शेपटाच्या टोकाशी सपाट होईल इतपत सोडतो, म्हणजे घाव आट्यांना न लागता नटाच्या तोंडावर बसतो. क्रँकखाली तो लोखंडी नळीचा तुकडा उभा करतो आणि नळीचे दुसरे टोक जमिनीवर टेकवतो. हा आधार नसेल तर हातोडीचा जोर धुरीतून छर्र्यांना पोचतो आणि कटोरीत खड्डे पडतात. हौशी माणूस घामाघूम झालेला पाहून मिस्त्री उठतो, “सरका जी थोडे” म्हणतो, नळी सरळ करतो आणि मोजून एक घाव घालतो. पिन सुटल्याचा आवाज येतो. या घावाचे तो पैसे लावत नाही. समोरच्याचा चेहरा पाहायला मिळाला, त्यात त्याचे सगळे आले.

यानंतर साखळीकडची कटोरी. इथे भल्याभल्यांची पदवी गळून पडते. ब्रिटिश पद्धतीच्या सायकलींत, म्हणजे आपल्याकडच्या जवळपास सगळ्याच सायकलींत, या एका कटोरीचे आटे डावे असतात. माणसाने जन्मभर नळ, बाटल्या आणि स्क्रू डावीकडे फिरवून सोडलेले असतात. तो हिलाही डावीकडे फिरवतो आणि प्रत्येक जोराबरोबर ती अधिक घट्ट करतो. सुटत नाही म्हणून पान्याला पाइप घालतो. पाइप लांब झाला की पाना निसटतो, कटोरीच्या सपाट कडा गोल होतात आणि ढोपर फ्रेमला घासते. एवढे झाले तरी दिशा चुकली असेल असा संशय कुणाला येत नाही. गंजच फार आहे, असे ठरते.

गोंधळ वाढवायला शेजारीच उजवे पायडल आहे. त्याचे आटे सरळ, आणि वीतभर आतल्या कटोरीचे उलटे. डाव्या बाजूला नेमके याच्या विरुद्ध: पायडल उलटे, कटोरी सरळ. यात कुणाचा खोडसाळपणा नाही. फिरत्या भाराखाली थोडीशी सैल असलेली वस्तू आपल्या भोकात हळूहळू उलट दिशेने घरंगळत राहते. मुठीत पेन्सिल सैल धरून तिचे टोक गोल फिरवले तर पेन्सिल स्वतःभोवती उलटी फिरताना दिसते. पायडलमध्ये आट्यांची बाजू आत आणि बीबीत ती बाहेर, म्हणून दोन्हीकडे हिशेब उलटा होतो. पायडलची ही खोड मोडण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते ते अमेरिकेतल्या डेटन गावचे दोन सायकलवाले भाऊ. आपले पायडल आपोआप सुटत नाही, अशी जाहिरात त्यांनी १९०० साली केली. आडनाव राइट. पुढे तीन वर्षांनी त्यांनी विमान उडवले. क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे: आधी पायडल, मग आकाश.

डाव्या पायडलचे डावे आटे किती उपकारी आहेत, हे मोजायला वरोऱ्याचेच उदाहरण पुरेल. आनंदवनाच्या बाबा आमटे यांचे पहिले ‘भारत जोडो’ अभियान १९८५च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. पाठीच्या दुखण्यामुळे बाबा स्वतः गाडीत आडवे होऊन प्रवास करीत होते आणि ११६ तरुण-तरुणी सायकलींवर होत्या. अंतर ५०४२ किलोमीटर. पुढे ४४ दाते, मागे १८ दाते आणि अठ्ठावीस इंची चाक असे धरले, तर एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटरच्या आसपास जाते. उतार सोडून दिले तरी प्रत्येकाने नऊ लाखांच्या घरात पायडल मारले. डाव्या बाजूला सरळ आटे असते तर त्यातल्या प्रत्येक फेऱ्याने पायडल केसभर सैल केले असते, आणि भारत जोडता जोडता पायडल जोडत बसण्याची पाळी आली असती.

आता पुन्हा अडलेल्या कटोरीकडे. ती अडली आहे ही बातमी गावात पसरायला वेळ लागत नाही. झाडीपट्टीतला प्रेक्षक दिवाळीपासून होळीपर्यंत रात्ररात्र मंडपात बसून नाटके पाहतो. सायकलच्या दुकानापुढच्या बाकड्यावर एखादी दुपार काढणे त्याला काही जड नाही. तो नुसता पाहतही नाही. सल्ले सुरू होतात. पहिला म्हणतो, सायकल उन्हात ठेवा, लोखंड फुगते. चंद्रपूरच्या उन्हाविषयी कुणाला शंका असण्याचे कारण नाही. पण तापमान तीस अंशांनी चढले तरी पस्तीस मिलिमीटर व्यासाची नळी मिलिमीटरच्या साधारण ऐंशीव्या भागाइतकीच फुगते, आणि आत बसलेली कटोरीही पोलादाचीच असल्याने तीही तेवढीच फुगते. दोघी मिळून उन्हात जाऊन येतात.

दुसरा म्हणतो, टोळीचे तेल घाला. मोहाच्या बियांचे हे तेल स्वयंपाकाला, दिव्याला, अंगाला, सगळ्याला चालते, मग कटोरीने काय पाप केले? अडचण एवढीच की थंडीत ते तुपासारखे थिजते आणि उन्हाळ्यातही गंजाच्या भेगेत शिरण्याइतके पातळ नसते. रॉकेल चालले असते, पण ते आता शोधावे लागते. डिझेल आणि थोडे ऑइल यांचे मिश्रण दोन दिवस मुरू द्यावे, हा त्यातल्या त्यात शहाणा सल्ला. तो देणारा माणूस बहुधा कोपऱ्यात बसलेला असतो आणि त्याचे कुणी ऐकत नाही. तिसरा सुतार असतो. आटे गेले असतील तर सागाची पाचर मारा, अयोध्येला चालते तर तुमच्या सायकलीला का नाही, असे तो विचारतो. याला उत्तर नाही.

कटोरी शेवटी निघते ती पान्याने नाहीच. मिस्त्री मोठ्या व्हाइसमध्ये कटोरीच्या सपाट कडा पकडतो, गॅसच्या ज्योतीने फक्त नळी भराभर तापवतो आणि मग पाना फिरवायच्या ऐवजी अख्खी फ्रेमच फिरवतो. फ्रेमची लांबी हाच पाना. एक जण पुढची नळी धरतो, दुसरा मागचे चिमटे, आणि दोघे व्हाइसभोवती चालू लागतात. कुठल्या दिशेने, यावर बाकड्यावर दोन तट पडतात. एका तटाचे म्हणणे असे की आता कटोरी खाली आणि फ्रेम वर आहे, म्हणजे दिशा उलटली. तर्क बिनतोड वाटतो, पण चूक आहे. कटोरीच्या बाजूने पाहून कटोरी फिरवा किंवा वरून पाहून फ्रेम फिरवा, ही कटोरी दोन्ही वेळा घड्याळाच्या काट्यांप्रमाणेच सुटते. कर्रकन आवाज येतो. दोन्ही तट आपण हेच म्हणत होतो असे सांगतात.

कटोरी हातात आल्यावर जे दिसते त्याला आटे म्हणायचे की नाही, हा वादाचा मुद्दा आहे. तोंडाजवळचे दोन पार गेलेले, तिसरा अर्धा, मधले गंजाने खाल्लेले आणि आत खोलवर चार-पाच अगदी कारखान्यातून आल्यासारखे कोरे. या शेवटच्या चार-पाचांवर सगळा जीर्णोद्धार उभा राहतो. आधी त्यांची मोजणी. पिच गेज असेल तर उत्तम; नसेल तर कागदाची पट्टी आत दाबून आट्यांचे ठसे घेतात आणि इंचात किती आले ते मोजतात. चोवीस आले तर मिस्त्रीचा चेहरा उजळतो. सव्वीस आले तर तो पान खायला जातो.

कारण असे. आपल्याकडचा मिस्त्री अजूनही सुतात बोलतो, आणि इंचाचे सूत आठ. चोवीसचे आटे म्हणजे सुताला बरोब्बर तीन. सरळ, स्वच्छ, तोंडी हिशेब. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीने मात्र आपल्या सायकलींना इंचाला सव्वीस आटे ठेवले. म्हणजे सुताला सव्वातीन. बाजारातली कटोरी तिला बसू नये आणि गिऱ्हाइकाने पुन्हा रॅलेकडेच यावे, यापलीकडे या सव्वातीनाचे प्रयोजन शोधायला गेले तर फारसे काही हाती लागत नाही. नळीचा व्यास जवळपास तेवढाच असल्याने फसवणूक पुरती होते. चोवीसची कटोरी सव्वीसच्या तोंडात अगदी लाडाने शिरते, एक-दीड वेढा जाते आणि थांबते. दर आट्याला मिलिमीटरच्या आठ-शतांशाचा फरक असतो. दोन-तीन आट्यांत तो एवढा साचतो की पुढे वाट नसते. इथे थांबणारा शहाणा. न थांबणारा पाइप आणतो, आणि मग त्या नळीत दोन वेगवेगळ्या मापांचे आटे एकमेकांवर पाडले जातात. बहुतेक ‘गेलेले’ आटे गंजाने गेलेले नसतात, अशा पाइपवाल्यांनी घालवलेले असतात. हा निष्कर्ष कटू आहे, पण कुठल्याही जुन्या दुकानदाराला विचारावे.

आट्यांची ही अनागोंदी संपावी म्हणून इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ सालीच एक सर्वमान्य माप सुचवले होते, पंचावन्न अंशांच्या कोनाचे. कारखान्यांनी ते घेतले. सायकलवाल्यांनी पुढे आपले वेगळे, साठ अंशांचे काढले, त्यामुळे कोळसा खाणीच्या वर्कशॉपमधून मोठ्या मिनतवारीने मागून आणलेला इंची टॅपही इथे लागू पडेलच असे नाही. इटलीने ३६ मिलिमीटरचे आणि दोन्हीकडे सरळ आटे ठेवले. आपल्याकडे जे रूढ झाले ते ‘बीएसए’चे, आणि बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, मुळात बंदुका करणारी कंपनी. त्या न्यायाने भद्रावतीच्या आयुध निर्माणीशी सायकलच्या कटोरीचे दूरचे नाते लागते. पण ते सांगून फाटकावरून आत सोडत नाहीत.

मग दुरुस्ती कशी करायची? नुसती घाण आणि चेपलेले तोंड असेल तर तिकोनी कानस आणि धीर पुरतो. त्याहून बिघडले असेल तर या धंद्यातली सर्वांत देखणी युक्ती वापरावी: त्याच मापाची जुनी कटोरी घ्यायची, तिच्या आट्यांवर करवतीने तीन-चार उभ्या खाचा पाडायच्या, कडा धारदार करायच्या. झाला टॅप. कटोरी पोलादी आणि वरून कडक केलेली असते, फ्रेमची नळी तिच्यापेक्षा मऊ. चांगले आटे जिथे शिल्लक आहेत त्या बाजूने, म्हणजे नळीच्या आतून बाहेर, ती चालवता आली तर फारच उत्तम, कारण मग ती सरळच जाते. अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे, तेलाचा थेंब, कीस पुसायचा, पुन्हा अर्धा वेढा. हे काम घाईच्या माणसाला बघवतसुद्धा नाही. सव्वीसच्या सायकलीला तिचीच जुनी कटोरी लागते, म्हणून खराब झाली तरी ती फेकू नये. नेमकी तीच पहिल्या दिवशी भंगारवाल्याला देऊन मंडळी मोकळी झालेली असतात.

आटे मुळातच उरले नसतील तर प्रकरण लेथवर जाते. पितळेची झाळ भरून नव्याने आटे पाडा, असे म्हणायला सोपे आहे. लेथवाला फ्रेम हातात घेतो, उलटीसुलटी करतो आणि विचारतो, “फिरवाचं काय हाय जी, नळी की सायकल?” प्रश्न चोख आहे. नळी फिरवायची तर अख्खी फ्रेम लेथवर गरगरणार, आणि तेवढी जागा लहान लेथच्या पाटावर नसते. मुरलेला टर्नर फ्रेम लेथच्या सरकत्या भागावर बांधतो आणि हत्यार फिरते ठेवतो, गिअर बदलून सव्वीसचे गणित बसवतो आणि डाव्या आट्यांसाठी चाल उलटी करतो. हे करू शकणारी माणसे एमआयडीसीच्या शेडमध्ये आहेत. ती एरवी कारखान्यांचे मोठे शाफ्ट घासत असतात आणि सायकल आणलेली पाहून त्यांना हसू येते. पण मनातून काम आवडते, असे त्यांनी लावलेल्या किमतीवरून नाही तरी लावलेल्या वेळावरून दिसते.

आणखी वाटा आहेत. गेलेले आटे पुरते कापून ३६ मिलिमीटरचे इटालियन आटे पाडता येतात. जखमेसकट कातडे निघते. आट्यांशिवाय नळीत फाकून बसणारे तयार डबेही परदेशी मिळतात. गडचिरोलीत कोल्ड्रिंकच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कटोरीला गुंडाळून ती ठोकून बसवतात आणि वरून एम-सील लावतात. सायकल दिवाणखान्यात टांगायची असेल तर पत्र्याला हरकत नाही. तिच्यावर कुणी बसणार असेल तर तो पहिल्याच चढावर बोलायला लागतो. आणि सर्वांत शेवटी वेल्डिंगचे दोन ठिपके. हे म्हणजे कटोरी आणि नळी यांच्यातले तंटामुक्त गाव. भांडण कायमचे मिटते, फक्त पुढे दोघींपैकी कुणालाच हलता येत नाही. छर्रे खराब झाले की फ्रेमच भंगारात. वेल्डिंग करू नये.

पुढच्या चाकाच्या चिमट्याचे आटे त्या मानाने सरळमार्गी. हँडलखालच्या नळीवर बाहेरून पाडलेले, उघड्यावर असलेले, दिसणारे. ते बिघडतात ते बहुधा हँडल हौसेने फार उंच केल्यामुळे. हँडलच्या नळीतला फाकणारा तुकडा मग नेमका आट्यांच्या पातळीवर येतो, आणि बोल्ट आवळला की चिमट्याची नळी आतून फुगते. फुगलेल्या नळीवर डाय चालवून काही होत नाही. नवा चिमटा घ्यावा. आजोबांच्या हातचा म्हणून जपलेला तुटका चिमटा नातवाच्या दातांना महाग पडतो.

यावरही मात करून फ्रेम तयार झाली की मालक ती सँडब्लास्ट आणि पावडर कोटिंगला देतो. इतक्या कष्टाने काढलेल्या आट्यांवर आधी वाळूचा मारा होतो, मग त्यांच्यात पावडर भरते आणि दोनशे अंशांच्या आसपास भाजून घट्ट होते. फ्रेम देताना बीबीची तोंडे आणि चिमट्याचे आटे बंद करून द्यावे लागतात, हे रंगवाला सांगत नाही, कारण त्याला सायकल माहीत नाही; आणि मिस्त्री सांगत नाही, कारण त्याला कुणी विचारलेले नाही. मग चकचकीत काळी फ्रेम घेऊन तोच माणूस त्याच दुकानात परत येतो.

दुकानात तेव्हा गर्दी असते. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात. शाळा सुटली की त्यांतल्या दोन-चार तरी दारात उभ्या असतात. कुणाची साखळी उतरते, कुणाचे डावे पायडल कुण्या मदतनीस दादाने सरळ आट्यांचे समजून उलटे आवळलेले असते. मिस्त्री हातातली रॅले भिंतीला लावून ठेवतो. “काकाजी, उद्या पेपर हाय,” एवढे ऐकले की त्याला दुसरे काही ऐकू येत नाही. क्रँकचे आटे थोडक्यात वाचलेले असतात, तो पायडल काढून बोटाने डावीकडे वळवून बसवतो, पोरीलाही एकदा बसवायला लावतो, आणि मगच पाना लावतो. पावडर कोटिंगवाले गृहस्थ बाकड्यावर बसून राहतात. हा क्रम बरोबर आहे. ज्या सायकलीवर उद्या कुणी शाळेत जाणार आहे तिचा नंबर आधी.

दोन्ही जिल्ह्यांत बंद पडलेली सायकलची दुकाने पुष्कळ आहेत. कुणाच्या माळ्यावर वडिलांची हत्यारांची लाकडी पेटी असेल आणि तिच्यात ग्रीस लावून कागदात गुंडाळलेले, मुठीएवढे जाड, गोल, दातेरी टॅप निघाले, तर ते किलोच्या भावाने देऊ नका. दोन असतील, एक सरळ आट्यांचा आणि एक डाव्या. जोडी फोडू नका. त्यांवर २४ कोरले आहे की २६ ते पुसून वाचा. २६ असेल तर जवळच्या सायकलवाल्याला आजच सांगा.